टेकडीकडची बाजू

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात भाचीसाठी घर बघायला कोथरूडच्या पुढे गेलो होतो. विक्री कार्यालयातल्या मुलीनं टेबलावर इमारतीचा तक्ता पसरला. एका मजल्यावर चार घरं. एक नंबर आणि तीन नंबरचं क्षेत्रफळ सारखं, खोल्या सारख्या, स्वयंपाकघरातल्या ओट्याची लांबीसुद्धा सारखी. एकाच्या बाल्कनीतून टेकडी दिसणार होती, दुसऱ्याच्या बाल्कनीतून शेजारच्या सोसायटीत वाळत घातलेले कपडे. टेकडीकडच्या घराच्या ओळीत शेवटी एक वाढीव आकडा होता आणि त्यावर ‘पीएलसी’ अशी अक्षरं. ‘व्ह्यूचे वेगळे असतात सर,’ मुलगी म्हणाली. भाचीनं सरळ विचारलं, ‘टेकडी तुमची आहे का?’

त्या मुलीकडे उत्तर नव्हतं, आणि तिच्याकडून ते अपेक्षितही नव्हतं. पण हिरवळ आणि घरांच्या किमती यांचा जगभर जो अभ्यास झाला आहे, तो चाळताना मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटला. बाग, मैदान, टेकडी, रस्त्याकडेची झाडं यांच्यामुळे शेजारच्या घराचा भाव चढतो, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. तो किती चढतो, कुठे चढत नाही, आणि चढलेला पैसा कुणाच्या हाती पडतो, इथे खरा मजकूर आहे.

ही जाणीव अर्थशास्त्राच्या आधीपासून जमीनवाल्यांना होती. इंग्लंडात लिव्हरपूलसमोर नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड नावाचं गाव आहे. तिथल्या नगर प्रशासनानं 1840च्या दशकात 226 एकर दलदलीची जमीन घेतली. त्यातल्या 125 एकरांवर जोसेफ पॅक्स्टननं सार्वजनिक बाग आखली आणि उरलेल्या जमिनीचे बागेभोवती प्लॉट पाडून घरांसाठी विकायला काढले. बाग 1847 साली उघडली. तिचा खर्च तिच्यामुळे वाढलेल्या जमिनीच्या भावातून निघावा, हा त्यामागचा हिशेब होता. जमीन नगराची होती, म्हणून वाढीचा पैसाही नगराकडे येत होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या पावणेदोनशे वर्षांत ती फार क्वचित घडली.

1850 साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नावाचा अमेरिकन तरुण ही बाग पाहून भारावून गेला. पुढे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क त्यानं कॅल्व्हर्ट वॉक्सबरोबर आखलं. पार्कावरचा खर्च वाया जात नाही हे नगरपित्यांना पटवण्यासाठी त्यानं पार्कालगतच्या तीन वॉर्डांतल्या मालमत्तांच्या कर-आकारणीचे आकडे मांडले. 1856 साली तिथल्या मालमत्तेचं मोल सुमारे 2 कोटी 64 लाख डॉलर होतं, 1873 साली ते 23 कोटी 60 लाखांवर गेलं. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो तसा नाही. त्याच काळात न्यूयॉर्क उत्तरेकडे धावत सुटलं होतं आणि पार्क झालं नसतं तरी तिथली जमीन महागलीच असती. ओल्मस्टेडलाही याची कल्पना होती. शहराच्या इतर भागांत किती वाढ झाली ते त्यानं वजा करून पाहिलं. ही वजाबाकी नीट कशी करायची, हे शिकायला पुढची शंभर वर्षं लागली.

ती आजची रीत दिसायला अवघड आणि मुळात साधी आहे. खानावळीत साधी थाळी आणि श्रीखंडाची थाळी यांच्या दरांतला फरक पाहिला की वाटीभर श्रीखंडाचं मोल कळतं, मग ते सुटं विकायला नसलं तरी चालतं. घर ही अशीच थाळी आहे. चटई क्षेत्र, मजला, इमारतीचं वय, स्टेशनचं अंतर, शाळा, पाणी, पार्किंग असं सगळं एकत्र वाढलेलं असतं आणि दर एकच सांगितला जातो. हजारो घरांचे व्यवहार गोळा करून, बाकी सगळं सारखं धरून, बागेच्या अंतरानं दरात किती फरक पडतो ते काढायचं. शेर्विन रोझेन यांनी 1974 साली या पद्धतीला भक्कम तात्त्विक बैठक दिली आणि तिचं हेडॉनिक किंमत पद्धत हे नाव अभ्यासकांत रुळलं. तेव्हापासून हिरवळीच्या शेजाराची वाटी वेगळी मोजण्याचे शेकडो प्रयत्न झाले.

त्यांतले काही आकडे सांगण्यासारखे आहेत. फिनलंडमधल्या सालो या छोट्या गावी लीसा ट्युर्वाइनेन आणि आंटी मिएट्टिनेन यांनी 2000 साली दाखवलं की जंगलापासून घर एक किलोमीटर लांब गेलं की दर सरासरी 5.9 टक्क्यांनी उतरतो, आणि खिडकीतून जंगल दिसत असेल तर तो 4.9 टक्क्यांनी चढतो. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात जिम आणि चेन यांना हिरवळीच्या दृश्यासाठी 7.1 टक्के आणि पाण्याच्या शेजारासाठी 13.2 टक्के जास्त दर दिसला. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 साली हिशेब मांडला, तेव्हा सार्वजनिक हिरवळीपासून 100 मीटरच्या आतलं शहरी घर 500 मीटरच्या पलीकडच्या तशाच घरापेक्षा सरासरी अडीच हजार पौंडांनी महाग निघालं. अमेरिकेत जॉन क्रॉम्प्टन यांनी 2001 साली तोवरचे सुमारे तीस अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या बहुतेकांनी बागेच्या बाजूनं कौल दिला होता.

पोर्टलंडचा अभ्यास मला यांत सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो बागेचा नाही, साध्या रस्त्याकडेच्या झाडांचा आहे. जेफ्री डोनोव्हन आणि डेव्हिड बट्री यांनी 2010 साली दाखवलं की घरासमोरच्या फुटपाथवरच्या झाडांमुळे घराची किंमत सरासरी 8,870 डॉलरनी वाढते आणि घर 1.7 दिवस आधी विकलं जातं. त्याहून मोलाची गोष्ट अशी की झाडाचा फायदा समोरच्या घरापाशी थांबत नाही, शंभर फुटांतल्या शेजाऱ्यांनाही मिळतो. आपल्याकडे सोसायटीतलं जुनं गुलमोहराचं झाड ‘पार्किंगला आड येतं’ म्हणून तोडायचा ठराव होतो, तेव्हा मला हे शंभर फूट आठवतात. ठरावावर सह्या एका सोसायटीच्या असतात, सावली गल्लीची जाते.

मात्र ‘हिरवळ आली की भाव वाढला’ असं सरसकट म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अमेरिकेतल्या कोलंबस शहराचा एक जुना, 1973 सालचा अभ्यास आहे. बागेकडे तोंड करून असलेली घरं महाग विकली गेली. बागेकडे पाठ असलेल्या आणि खेळांच्या गजबजाटाला लागून असलेल्या घरांच्या वाट्याला मात्र तो लाभ आला नाही. दादरच्या शिवाजी पार्कला लागून राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. सुमारे 28 एकरांचं हे मैदान 1925 साली लोकांसाठी खुलं झालं आणि दोन वर्षांनी त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. तिथल्या कट्ट्यासमोर घर असणं ही मुंबईत मिरवण्याची गोष्ट आहे. तरी त्याच रहिवाशांना सभांच्या भोंग्यांविरुद्ध उच्च न्यायालयात जावं लागलं आणि 2010 साली मैदान शांतता क्षेत्र ठरलं. लाल मातीची धूळ अजूनही खिडक्यांच्या जाळीवर साचते. माझ्या एका स्नेह्यांच्या घरी कोरड्या दिवसांत मैदानाकडची खिडकी सकाळी तासभर उघडते आणि मग ओल्या फडक्यानं पुसून बंद होते. दर मात्र उघड्या खिडकीचा असतो.

बाल्टिमोरचा अभ्यास याहून खोल जातो. ऑस्टिन ट्रॉय आणि मॉर्गन ग्रोव्ह यांनी 2008 साली तिथल्या बागा आणि गुन्हेगारी यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवले. लूटमार आणि बलात्काराचं प्रमाण एका मर्यादेच्या खाली असेल तिथे बागेजवळचं घर महाग होतं. ते प्रमाण देशाच्या सरासरीच्या चौपटीहून वर गेलं की तीच बाग घराचा भाव पाडू लागते. संध्याकाळी सातनंतर दिवे नसलेली बाग आपल्यापैकी प्रत्येकीनं, प्रत्येकानं पाहिली आहे. तिच्या कडेनं मुलीला एकटीनं क्लासहून घरी यायला सांगणारे आईवडील कमीच. डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग शहरात हिरव्या जागांची प्रतवारी करून पाहिली, तेव्हा जिथे सहज जाता येतं आणि जिची निगा राखली जाते ती जागाच भाव चढवताना दिसली. मिनिआपोलिसच्या एका अभ्यासात आणखी एक धागा सापडतो: वस्ती जितकी दाट, तितकं बागेचं मोल जास्त. अंगण असलेल्या बंगल्याला बागेची ओढ कमी, वन रूम किचनला जास्त.

हा शेवटचा धागा मुंबईच्या फार कामाचा आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते. केंद्र सरकारच्या नगररचना मार्गदर्शक सूचनांची अपेक्षा 10 ते 12 चौरस मीटरची आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे धड एक सतरंजीसुद्धा पसरत नाही. इतक्या दाटीत बागेचं मोल बरंच जास्त असणार, पण ते किती, हे नेमकं सांगता येत नाही. 

आपल्याकडचे नेमके टक्के काढणं अवघड का जातं, हे दस्त नोंदणीच्या कार्यालयात दोन तास बसलेल्याला कळतं. हेडॉनिक पद्धतीला खरी किंमत लागते. आपल्याकडे दस्ताच्या सूची दोनवर जो आकडा येतो तो पुष्कळदा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराच्या, जवळपास घुटमळतो, आणि निदान पुनर्विक्रीच्या व्यवहारात काही भाग कागदावर न येता हात बदलतो. रेडी रेकनर दर विभागवार ठरवतो. एका विभागात बागेसमोरची इमारत आणि नाल्यावरची इमारत शेजारी शेजारी असू शकतात. तेव्हा बागेचं मोल कळायचं तर सरकारी कागदापेक्षा बिल्डरची दरपत्रिका जास्त बोलकी. फ्लोअर राइज, पीएलसी, गार्डन फेसिंग, हिल व्ह्यू: शहराची हिरवी संपत्ती तिथे ओळीनं मांडलेली असते, आणि तिच्यापुढे खासगी आकडे असतात.

मुंबईत नियोजनातून हिरवळ मिळाल्याचं एक चांगलं उदाहरण आपल्याकडे आहे. 1896च्या प्लेगनंतर 1898 साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दादर-माटुंग्याची आखणी केली, रुंद रस्ते काढले, फाइव्ह गार्डन्स दिली. सव्वाशे वर्षांनी आजही त्या पाच बागांच्या भोवती पारशी, तमिळ, मराठी, गुजराती माणसं सकाळी फिरतात. तिथल्या घरांना आज जो भाव येतो त्याचं मूळ एका सार्वजनिक संस्थेनं विकायला न काढलेल्या जमिनीत आहे.

दुसरं उदाहरण मला अजून बोचतं. गिरणगावच्या सुमारे सहाशे एकर जमिनीसाठी 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. ढोबळमानानं जमिनीचे तीन भाग करायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं 1996 साली या जमिनींचा एकत्रित आराखडाही मांडला. 2001 साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या आवारात अशी जमीन ती कितीशी? उच्च न्यायालयानं 2005 साली ही दुरुस्ती उचलून धरली नाही, पण मार्च 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. परळ-लोअर परळच्या मनोऱ्यांत आज ‘एकरभर हिरवळ’ विकली जाते. ती फाटकाच्या आत, पोडियमवर, पार्किंगच्या छतावर असते. पलीकडच्या चाळीतल्या पोराला तिचा उपयोग नाही. पोडियमच्या या हिरवळीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2013मध्ये एका मुंबईच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की नियमानं द्यावी लागणारी किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, पोडियम दाखवून ती कमी करता येणार नाही. दोन फूट मातीत वडाचं झाड वाढत नाही, एवढं तर आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

आता पुण्याकडे येतो, कारण भाचीचा प्रश्न पुण्याचा होता. पुण्याला बागा आहेत, पण पुण्याची खरी हिरवळ टेकड्यांची: वेताळ, हनुमान, पर्वती, तळजाई. पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर चढलं की मोराचा आवाज आधी येतो आणि शहराचा नंतर. या टेकड्यांच्या पायथ्याशी, एरंडवण्यापासून बावधनपर्यंत, दरपत्रिकांवर टेकडी छापलेली असते. समाविष्ट गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. तिथे बांधकाम करायचं नाही. यातल्या कित्येक जमिनी खासगी आहेत आणि 2015 साली सरकारनं मालकांना भरपाई म्हणून 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला. मालक नाराज आहेत. त्यांची तक्रार ऐकून घ्यावी असं मला वाटतं, जरी टेकड्यांवर एक वीटही चढू नये या मताचा मी आहे.

तक्रारीचा गाभा असा. टेकडी हिरवी राहावी म्हणून वरच्या शेतकऱ्याची जमीन अडकली. टेकडी हिरवी राहिली म्हणून खालच्या प्लॉटवाल्याचा भाव चढला. हिरवळीचा भार एकानं वाहिला आणि व्ह्यूचे पैसे दुसऱ्यानं घेतले. जगभरच्या सगळ्या अभ्यासांत जो फरक टक्क्यांत मोजला आहे, तो इथे दोन माणसांमध्ये उभा राहतो, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. मग वरच्यानं बांधकामाची परवानगी मागितली तर नवल काय? ती मिळाली तर मात्र दोघांचंही जातं, आणि ज्यांनी ना जमीन घेतली ना घर, फक्त रोज सकाळी टेकडी चढली, त्यांचं सगळ्यात जास्त जातं. एप्रिल 2023मध्ये वेताळ टेकडीवरून आखलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध जे हजारो पुणेकर रस्त्यावर आले, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरातून टेकडी दिसतही नसेल.

हे टेकडीचं मोल कुठल्याही व्यवहारात उमटत नाही. घराच्या किमतीवरून हिरवळ मोजण्यातली सगळ्यात मोठी उणीव मला ही वाटते. ज्याच्याकडे घर घ्यायला पैसा आहे, त्याचीच पसंती त्यात धरली जाते. माहीमच्या खाडीकाठी कचऱ्याच्या डेपोवर उभं केलेलं 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान 1994 साली खुलं झालं. त्याच्या एका बाजूला धारावी आहे. धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतून आलेल्या मुलाला तिथल्या सावलीचं काय मोल वाटतं, हे कुठल्याही खरेदीखतावर येणार नाही. बागेचा भाव आणि बागेची गरज यांच्या दिशा कित्येकदा उलट्या असतात.

आणि भाव चढणं ही राहणाऱ्यासाठी नेहमी आनंदाची वार्ता नसते. न्यूयॉर्कमध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर बांधलेली हाय लाइन ही बाग 2009 साली सुरू झाली. तिच्या अगदी जवळच्या घरांना 35 टक्क्यांच्या आसपास चढा दर मिळाल्याचं 2020 सालच्या एका अभ्यासात दिसलं. शेजारी सरकारी गृहसंकुलं आहेत, पण तिथले रहिवासी बागेत फारसे फिरकत नव्हते. सुरुवातीला आपण त्यांना विचारायला हवं होतं, अशी कबुली बागेच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट हॅमंड यांनी पुढे दिली. शिकागोत 2015 साली खुल्या झालेल्या 606 या पायवाटेच्या पश्चिमेकडच्या, कमी उत्पन्नाच्या वस्तीत काम सुरू झाल्यापासून घरांच्या किमती 48.2 टक्क्यांनी वाढल्या. भाड्यानं राहणाऱ्याला त्या वाढीतून घर सोडण्याची नोटीस मिळते. सेंट्रल पार्कच्या जागीही सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. सुमारे सव्वादोनशे माणसं, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, कित्येकांची स्वतःची घरं. 1857पर्यंत ती उठवली गेली. ओल्मस्टेडच्या कोट्यवधींच्या हिशेबात त्यांचा रकाना नाही.

यावर एक मत असंही मांडलं जातं की गरीब वस्तीत ‘हिरवळ पुरेशीच’ ठेवावी, देखणी करू नये, म्हणजे भाव चढणार नाहीत. माझं मन हे मानत नाही. गरिबाच्या मुलाला मुद्दाम दुय्यम बाग द्यायची, हा कसला उपाय? भाव तेव्हाच उसळतो, जेव्हा चांगली बाग शहरात दुर्मीळ असते. एकाच ठिकाणी शंभर कोटींचं सुशोभन करण्यापेक्षा प्रत्येक प्रभागात, चालत दहा मिनिटांवर, झाडं आणि दिवे आणि बसायला बाक असलेल्या बागा झाल्या, तर कोणत्याच एका इमारतीला ‘गार्डन फेसिंग’चा वेगळा दर लावता येणार नाही. त्यासाठी विकास आराखड्यातली बागांची आरक्षणं ताब्यात घ्यावी लागतील. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या 127व्या कलमाखाली दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊन आरक्षण सोडवून घेऊ शकतो. कित्येक बागा अशा कागदावरच जन्मल्या आणि कागदावरच गेल्या.

पैसा कुठून आणायचा, याचंही उत्तर आपल्या कायद्यात जुनंच आहे. 1915च्या मुंबई नगररचना कायद्यापासून नगररचना योजनेत सुधारणेमुळे जमिनीच्या वाढलेल्या मोलातला काही वाटा मालकाकडून घेण्याची तरतूद आहे. आजच्या कायद्यात तो वाढीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. पायथ्याच्या दरपत्रिकेवर ‘हिल व्ह्यू’ म्हणून जो आकडा छापला जातो, त्याचा निम्मा वाटा टेकडीच्या वनीकरणाला आणि वरच्या मालकांच्या भरपाईला गेला, तर मला त्यात काहीच अन्याय दिसत नाही. आकडा शोधायला अभ्यासकही नको, बिल्डरनं तो स्वतःच लिहून ठेवला आहे. बर्कनहेडनं हेच केलं होतं.

भाचीनं टेकडीकडचंच घर घेतलं. पीएलसीसकट. ताबा मिळायच्या आधीच समोरच्या रिकाम्या प्लॉटवर पत्रे लागले आणि खोदकाम सुरू झालं. तिनं करारनामा काढला आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून तो पहिल्या पानापासून वाचत गेलो. चटई क्षेत्र होतं, पार्किंगचा क्रमांक होता, लिफ्टची कंपनी होती, फरशीचं माप होतं. टेकडी कुठेच नव्हती. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा समोरच्या इमारतीचा सहावा स्लॅब पडला होता. भाची सकाळी साडेपाचला उठते, बूट घालते आणि वीस मिनिटं चालून टेकडीवर जाते.